पाळणाघराचा सांधा

३ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ. (दारातून अंग तिरकं करून आत येणाऱ्या धिप्पाड माणसाला अजून बारक्या म्हणते, पण आता सवय कशी मोडणार?)

पत्र बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. झालंय ते फक्त एका वकीलसाहेबांच्या कोटाला. काल त्याची बाही इस्त्रीखाली धरली होती आणि नेमका तुझा फोन आला. पाळणाघराच्या स्वयंपाकघरातला सांधा घट्ट आहे, अरे बाबा घट्टच आहे, असं तुला समजावत बसले, तोवर बाहीवर इस्त्रीच्या आकाराचा डाग उमटला. वकीलसाहेब एक शब्द बोलले नाहीत. वकील गप्प बसला की माझ्यासारख्या कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईने काय समजायचं ते मी समजले.

तेव्हा आजपासून फोन बंद. तू दिवसभर विचारतोस, मी दिवसभर तेच ते सांगते, ना तुला चैन ना मला. त्यापेक्षा पत्र लिही. काय विचारायचंय ते नीट मांडून एकदा विचार, मी उलट टपाली एकदा उत्तर देईन. डोळ्यांसमोर लेखी असलं की माणसाचा विश्वास बसतो. युक्ती माझी आहे आणि मी तिच्यावर भारी खूश आहे.

डॉक्टरबाईंनी तुझ्या दुखण्याला ओसीडी म्हटलं तेव्हा वहिनी रडली, मला मात्र उलट हायसं वाटलं. आपले आजोबा याला मंत्रचळ म्हणून मोकळे व्हायचे. आता निदान औषध तरी आहे. लोक हात धुतात, तू गॅसच्या नळ्या जोडतोस आणि जोडून झाल्यावर परत त्याच घरची बेल वाजवून पुन्हा तपासतोस. आणखी एका गिऱ्हाइकाने तक्रार केली तर हत्यारांची पिशवी काढून घेईन, असं तुझ्या साहेबांनी बजावलंय, हे विसरू नकोस. या कामाशिवाय तुला दुसरं काही येत नाही, आणि आलं असतं तरी तू केलं नसतंस.

ज्यांना हाच त्रास आहे अशांचा गट शोधा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना? शोधायचं काम माझं. एका इस्पितळात मला एका खिडकीवरून दुसरीवर असं फोनवर फिरवत फिरवत पुन्हा पहिल्याच बाईकडे पोचवलं. तिने मला आवाजावरून ओळखलं. पण एक पत्ता मिळाला, तुझ्याच गावातला. फर्निचरच्या मोठ्या दुकानाच्या वर, शनिवारी संध्याकाळी. मुकाट्याने जा.

आणि हो, सांधा घट्ट आहे.

कळावे. लोभ आहे, राग त्याहून थोडा कमी आहे.
तुझी ताई


११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कोटाचं वाईट वाटलं. इस्त्री नंतर बंद केली होतीस ना?

तू नीट मांडून विचार म्हणालीस, म्हणून मांडतो. पाळणाघराचं स्वयंपाकघर लहान आहे. नळी भिंतीतून ओट्याखाली येते आणि कोपऱ्यात वळते. त्या वळणावर तो सांधा. शेजारी पोरांच्या बुटक्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या. मी पान्याने आवळलं, ब्रशने साबणाचा फेस लावला. गळती असली की फेसाला बुडबुडा येतो. एकही आला नाही. दाबाच्या घड्याळाचा काटा जागचा हलला नाही. साहेबांनी स्वतः बघून सही केली. मी पिशवी भरली, फाटकापर्यंत आलो, आणि मनात पाल चुकचुकली की आपण मागच्या बाजूने फेस लावला का? आतल्या खोलीत पोरं दुपारची झोपली होती. त्या बुटक्या खुर्च्या डोळ्यांसमोरून हलेनात.

तू म्हणशील, लावला होतास. मला माहीत आहे लावला होता. माहीत असून काडीचा उपयोग होत नाही, हेच तर दुखणं आहे.

फर्निचरच्या दुकानावर जाऊन आलो. तिथे एका गृहस्थांनी माईकवरून सांगितलं की वाईट विचार येणं ही मनाची कमजोरी आहे. मग सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवत, मी मोकळा, मी मोकळा, असं म्हणायचं होतं. मीही म्हटलं. म्हणता म्हणता जिन्याखालून गॅसचा वास आल्यासारखा वाटला, म्हणून खाली जाऊन आलो. लाकडाच्या पॉलिशचा वास होता. खात्री होईना म्हणून परत गेलो. वर आलो तेव्हा सगळे मोकळे होऊन घरी गेले होते.

सांधा घट्ट आहे का? तारीख घालून लिही.

आमची छकुली बरी आहे, दात पडलाय. लोभ करतेसच, उत्तर तेवढं लवकर कर.
तुझा बारक्या


१६ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट उघडायला मला टाके उसवायची कात्री घ्यावी लागली. आधी डिंक, त्यावर चिकटपट्टी, तिच्यावर आडवी आणखी एक, आणि कोपऱ्यात पिना! आत पत्र घालतोस की दागिने? पोस्टमन मला विचारतो की बाई, हा माणूस कोण. मी म्हणते, आमच्याकडचा खजिनदार.

त्या टाळ्यावाल्यांकडे तुला पाठवलं, माझंच चुकलं. मला वाटलं गट म्हणजे गट. जळलं मेलं ते मोकळं होणं! आता माझ्या एका गिऱ्हाईकबाईंनी दुसरं सुचवलंय. त्यांच्या भाचीला असाच त्रास आहे. फोनवरच एक गट चालतो, ओसीडी आणि चिंतेचा त्रास असलेले लोक दिवसभर एकमेकांना लिहितात. कुठे जायला नको की यायला नको. तिने तुझा नंबर त्यात घातलाय.

साहेबांशी नीट वाग. पाळणाघराच्या रस्त्याने जाऊ नकोस. कुठलं काम त्या बाजूला आलं तर दुसऱ्याला दे म्हणावं.

सोळा जून. सांधा घट्ट आहे. इस्त्रीही बंद आहे.

कळावे, लोभाला तारीख घालायची गरज नाही असं समजते.
ताई


२५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवरचा गट झकास आहे, म्हणजे पहिले काही दिवस होता. एक बाई विचारतात की मी कुलूप लावलं असेल ना. आम्ही सगळे लिहितो, लावलं असणार, निर्धास्त राहा. एक मुलगा विचारतो की माझ्या हातून कुणाला रोग लागला असेल का. आम्ही लिहितो, छे छे. मीही पाळणाघराचं विचारलं. भराभर उत्तरं आली. इतकं बरं वाटलं की काय सांगू! मग एकाने लिहिलं की बहुतेक घट्टच असेल. ते बहुतेक माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. आता त्याला रोज विचारतो की बहुतेक का म्हणालास. परवापासून त्याने माझा नंबर ब्लॉक करून टाकलाय.

त्यांच्यापेक्षा तुझं बरं. तुझी पत्रं मी पिशवीत पान्याशेजारी ठेवतो. कुणाच्या घरात शिरण्याआधी जिन्यात उभा राहून शेवटची ओळ वाचतो. पण घडीवर कागद फाटायला आलाय आणि नेमकी तीच ओळ घडीवर आहे. म्हणून एक काम कर. जाड कार्डावर एवढंच लिही आणि खाली सही कर. शाई पक्की वापर. बाकी मजकूर नसला तरी चालेल.

कामाचं ठीक चाललंय. काळजी करू नकोस.

लोभ कार्डावर लिहायची गरज नाही, ओळ तेवढी स्वच्छ येऊ दे.
बारक्या


४ जुलै

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र लिहितेय हे ह्यांना माहीत नाही. दुकानात गर्दी नाही, बुटांच्या खोक्यांवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर वाईट आलं तर समजून घ्या.

कामाचं ठीक चाललंय असं ह्यांनी तुम्हाला कळवलं असेल. काहीही ठीक नाही. ह्यांची पिशवी गेली. पाळणाघराच्या बाईंनीच तक्रार केली. आत जायची मनाई झाली म्हणून हे रोज फाटकाबाहेर उभे राहायचे, वास घेत, पोरं आत जाताना मोजत. ताई, एक धिप्पाड पुरुष रोज पाळणाघराच्या फाटकाशी उभा राहून पोरांकडे बघतो, म्हटल्यावर त्या बाईंना काय वाटलं असेल? त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही हे आमचं नशीब. साहेबांनी पुढच्या महिन्यात चौकशी ठेवलीय. तोपर्यंत घरी बसा, आणि त्या रस्त्यावर दिसलात तर कायमचं घरी, असं सांगितलंय.

तुमचं कार्ड पोचलं. ह्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतलं. त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या घरात माणसं हसली. नंतर हे कार्ड उजेडात धरून बसले. मला विचारायला लागले की ताईने हे मनापासून लिहिलं असेल की कंटाळून, सही जरा घाईची वाटते का. मी नाही म्हटलं. मग पुन्हा विचारलं. मी दिवसभर हो आणि नाही एवढंच बोलते, ताई. जेवायला काय करू हे विचारायचंसुद्धा राहून जातं.

एवढं मी सोसलं असतं. पण छकुली शाळेत निघायच्या आधी शेगडीपाशी उभी राहते आणि विचारते की कॉक बंद आहे ना. हो म्हटलं की बूट घालते. परवापासून बूट घालून झाल्यावर पुन्हा विचारते. काल नाडी बांधली, सोडली आणि परत जाऊन उभी राहिली. अगदी ह्यांच्यासारखी, मान एका बाजूला कलती करून.

गटाचं नाव काढलं तर हे उठून जातात. टाळ्या वाजवून झाल्या, आता काय उरलंय, म्हणतात. काय करू ते सांगा. आणि रागावू नका, पण कधीकधी वाटतं की तुमचं पत्र येऊच नये. लिहिलं खरं, आता खोडत नाही.

तुमचा लोभ आमच्या घरावर आहे हे जाणून आहे. तो थोडा माझ्याही वाट्याला यावा.
तुमची वहिनी


९ जुलै

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून दुकान बंद केलं आणि तशीच निघाले. आमच्या गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद मी बरेच दिवस बघत होते. ओसीडी असलेल्यांच्या घरच्यांसाठी बैठक, असा. घरच्यांसाठी कशाला, दुखणं काय आपल्याला आहे, असं म्हणून मी पुढे जात होते.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोल करून बसतात. मला बोला म्हटल्यावर मी माझी पत्रांची युक्ती अशी ऐटीत सांगितली की जणू बक्षीस घ्यायलाच आलेय. फोन बंद केले, उलट टपाली उत्तर देते, आता तर कार्डच करून दिलंय! कुणी वाहवा केली नाही. एक रंगारी बसले होते, भिंती रंगवतात. त्यांच्या मुलीला जंतूंची भीती. ते शांतपणे म्हणाले की ते कितीतरी वर्षं तिच्यासाठी दारांच्या कड्या पुसून देत होते, आणि जितक्या पुसल्या तितकी तिला आणखी दारं दिसायला लागली. मग तिथल्या समुपदेशकबाईंनी मला समजावलं. सांधा घट्ट आहे असं आपण सांगितलं की त्याची भीती घटकाभर निजते, पण उठते ती जास्त भूक घेऊन. म्हणजे मी त्याला बरं करत नव्हते. मी त्या भीतीला जेवू घालत होते.

मला असा संताप आला! माझ्या भावाला मी ओळखते की ही बाई, असं पुटपुटत बाहेर आले. रस्त्यावर आल्यावर कळलं की चष्मा आतच राहिला. परत गेले तर माझी खुर्ची तशीच होती आणि रंगाऱ्यांनी चष्मा हातात धरला होता. मग बसले. बसल्यावर रडले. बाईमाणसाने चारचौघांत इतकं रडू नये, पण तिथे कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

खरं सांगू? मला उत्तर द्यायला आवडतं. तो विचारतो, मी सांगते, तो शांत होतो की माझाही जीव भांड्यात पडतो. माझ्याशिवाय त्याचं अडतं याचं मला सुख होतं. तेच आता सोडायचंय.

त्याच्या नकळत काही करायचं नाही, असं बाईंनी बजावलंय. आधी त्याला सरळ सांगायचं. तू डॉक्टरबाईंना भेट, छकुलीचं आत्ताच सांग, उशीर नको. तू एकदम सगळं बंद करू नकोस, त्या सांगतील तसं हळूहळू कर. मी लांब आहे, मला सोपं आहे. तुला चोवीस तास त्याच्या तोंडाकडे बघायचंय. आणि तुमच्या गावात खरा गट आहे, या बैठकीतल्या लोकांनीच पत्ता दिला. तो मी त्यालाच कळवते.

तू खोडलं नाहीस ते फार बरं केलंस. लोभ तुझ्या वाट्याला आधीपासून होता, सांगायचं माझ्याकडून राहिलं.
ताई


१२ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. पिशवी गेल्याचं मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस आणि तिच्यावर चिडू नकोस.

यापुढे तुझ्या पत्रातल्या एका प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. कुठल्या ते तुला माहीत आहे. बाकी काहीही विचार, पानंच्या पानं लिहीन. पण सांधा घट्ट आहे का, हे मी यापुढे सांगणार नाही. तुला शिक्षा म्हणून नाही. माझं उत्तर तुला पुरत नाही, कधीच पुरणार नाही, आणि मी देत राहिले तर तुला पुढच्या खेपेला जास्त लागेल, म्हणून. तुझ्या डॉक्टरबाईंनाही हे पटलंय, वहिनी त्यांना भेटून आली आणि तिने मला फोन केला.

आणि आता खरं ऐक. मी तो सांधा पाहिलेला नाही. मी कुठलाच सांधा पाहिलेला नाही. गॅसची नळी आणि पाण्याची नळी शेजारी ठेवलीस तर मी रंगावरून अंदाज करीन, तेवढीच माझी अक्कल. मी पँटी आखूड करते रे! अशा बाईच्या सहीचं कार्ड तू प्लॅस्टिकमध्ये घालून हिंडतोयस.

तुमच्या गावात दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दर गुरुवारी संध्याकाळी रोगी संपल्यावर बाहेरच्या खोलीत गट बसतो. टाळ्या नाहीत, माईक नाही. सगळे याच दुखण्याचे. एकमेकांना धीर देतात, पण खात्री देत नाहीत, असं मला सांगितलं. फरक मला नीट कळलेला नाही. तू जाऊन समजून घे आणि मला कळव.

लोभ आहे. तो कार्डावर मागितला नाहीस, म्हणून इथे लिहिते.
ताई


१७ जुलै

ताई,

नमस्कार लिहीत नाही.

छान केलंस. सगळ्यांनी मिळून ठरवलंत. ही डॉक्टरांकडे जाऊन आली, तू लोकांत जाऊन माझं सांगून आलीस. ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्यालाच कुणी विचारलं नाही.

मी त्या रस्त्याने जाऊ शकत नाही. गेलो तर नोकरी गेली. घरात बसून सकाळी पोरं आत जायची वेळ झाली की माझे हात गार पडतात. मी बघू शकत नाही, विचारू शकत नाही, मला फक्त तुझी एक ओळ हवी होती. तुला काय कष्ट आहेत त्यात? कागद हवा तर मी पाठवतो. तिथे तीसेक पोरं झोपतात, ताई. उद्या काही झालं तर लक्षात ठेव की मी विचारलं होतं आणि तू गप्प बसलीस. मग तूही त्यात असशील.

तू सांधा पाहिला नाहीस हे मला माहीत आहे. मी काय खुळा आहे? तरी तू म्हटलंस की मला ते खरं वाटायचं. तूच ते काढून घेतलंस.

हो की नाही, एवढंच लिही. हो की नाही. शेवटचं. यापुढे कधी विचारणार नाही.

लोभाचं नंतर बघू.


२१ जुलै

चि. बारक्यास,
आशीर्वाद आहेतच, तू नमस्कार केलास काय आणि न केलास काय.

पत्र मिळालं. पाकिटाला या वेळी चिकटपट्टी इतकी होती की कात्रीने माझंच बोट कापलं.

तू विचारलंस ते वाचलं. त्याचं उत्तर मी देत नाही.

हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू! दोन कागद फाडले. पहिल्यावर ती ओळ आपोआप उमटली होती. हाताला वळण पडलंय. तूही त्यात असशील, असं तू लिहिलंस तेव्हापासून माझ्या काळजाचं पाणी झालंय. काल एका बाईंच्या स्कर्टला उलट्या बाजूने पट्टी लावली. भीती मलाही वाटते, बारक्या. पाळणाघराची नाही वाटत, तुझी वाटते. तू माझ्याशी कायमचं बोलणं टाकशील याची वाटते. तरी देत नाही.

बाकीच्याची उत्तरं देते. तुला न विचारता ठरवलं, हे खरं आहे, ते चुकलं. तू खुळा नाहीस. तुझ्यासारखा गॅसवाला तुझ्या साहेबांकडे दुसरा नाही, हे मी नाही, ते स्वतः म्हणाले होते छकुलीच्या बारशाला. आणि मी तुझ्यावर चिडलेली नाही.

दुकानात नवं मशीन आलंय. पुढचं टोक धड चालत नाही, मागचं आवाज करतं, अगदी आपल्या आत्याबाई. तू आलास की तेल घालून दे.

परवा गुरुवार आहे.

लोभ आहे का, हे मात्र रोज विचार. दिवसातून कितीदाही विचार. ते उत्तर मी कंटाळा न करता देईन.
तुझी ताई


१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (मागच्या पत्रातला राहिलेलाही यातच धर.)

इतके दिवस लिहिलं नाही, कारण कागद घेतला की तेवढं एकच वाक्य सुचायचं. ते सोडून दुसरं काही सुचायला लागेपर्यंत थांबलो.

त्या गुरुवारी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. पुढच्या गुरुवारी ही बरोबर आली, मला दारात सोडून समोरच्या दुकानात जाऊन उभी राहिली. आत गेलो. भिंतीवर दाताचं मोठं चित्र, कोपऱ्यात पोरांची खेळणी, आणि खिडकीखाली काय असावं? गॅसचा हीटर! जुना, नळी भिंतीला टेकलेली. माझं सगळं लक्ष तिथेच. शेजारी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझी नजर बघितली. मला वाटलं आता म्हणतील की बंद आहे हो तो. त्या म्हणाल्या की मलाही पहिल्या दिवशी त्या पाण्याच्या पिंपाने असंच धरून ठेवलं होतं, किती वेळ बसवतंय ते बघा, आम्ही आहोत. बस्स. बंद आहे असं खोलीतल्या एकानेही म्हटलं नाही. मी घामाघूम. उठून जावंसं वाटत होतं. एक निवृत्त कारकून स्वतःच्या कुलपाचं सांगत होते, ते ऐकायचा प्रयत्न करत होतो. निम्मं ऐकू आलं. पण बसून राहिलो. तू विचारला होतास तो फरक मला तिथे कळला. धीर म्हणजे ते माझ्याबरोबर बसले. खात्री कुणी दिली नाही.

जाताना एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं की पुढच्या गुरुवारी येणार ना. मी विचार न करता हो म्हणालो. नंतर जिन्यात हसू आलं की चला, एक तरी उत्तर मी न तपासता दिलं.

चौकशी झाली. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली होती. साहेबांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली. मला वाटलं यांनाही लागण झाली. शेवटी म्हणाले की लोकांच्या घरी इतक्यात नाही. तूर्त वर्कशॉपमध्ये मीटर तपासायचे, आणि प्रत्येक मीटर एकदाच, शेजारचा माणूस बघत असताना. पिशवी त्यांनी कपाटात ठेवली. कपाटाला माझं नाव लिहिलंय. नोकरी आहे, ताई. पिशवी नाही, पण नोकरी आहे. पाळणाघराच्या बाईंना मी माफीची चिठ्ठी लिहिली. डॉक्टरबाईंनी आधी वाचून घेतली, मी तिच्यात हळूच सांध्याचं विचारलं नाही ना ते बघायला. विचारलं होतं. खोडायला लावलं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. काल सकाळी ही लवकर कामाला गेली होती आणि छकुलीला मी सोडणार होतो. बूट घातले, नाडी बांधली, आणि ती शेगडीपाशी जाऊन उभी राहिली. मला विचारलं की बाबा, कॉक बंद आहे ना. ताई, मी गॅसचा माणूस! मी स्वतः तो बंद केला होता. हो म्हणणं माझ्या जिभेवर होतं. ती हसली असती, माझा हात धरून निघाली असती. डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं तेच मी म्हणालो, की हे आपण पुन्हा पुन्हा विचारायचं नाही असं ठरलंय ना, चल, उशीर होतोय. तिचा ओठ बाहेर आला. मग रडायला लागली, बाबा सांगा ना, एकदाच सांगा ना. माझेच शब्द. शेवटचं, पुन्हा विचारणार नाही, हेसुद्धा म्हणाली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. सांगितलं नाही.

रडून झालं. नाक माझ्या बाहीला पुसलं आणि दप्तर उचललं. जिन्यात मला दुसरा हलणारा दात दाखवला.

शाळेतून परत येताना मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि तुझं एकवीस तारखेचं पत्र आठवलं. फाडलेले दोन कागद. त्या दिवशी तू माझ्याशी दुष्टपणा केलास असं वाटलं होतं. काल मला कळलं की तुझ्यावर काय गुदरलं असेल. मी निदान तिच्याजवळ बसू शकत होतो. तू तिकडे एकटी होतीस आणि मी तुला तूही त्यात असशील असं लिहिलं होतं. ते परत घेतो.

पाळणाघर अजून डोक्यातून गेलेलं नाही. आत्ताही आहे. हे लिहिताना दोनदा पेन तिकडे वळलं. विचारत नाही.

कार्ड मी गटातल्या लोकांना दाखवलं. कुणी हसलं नाही. आता ते हिच्या चपलांच्या कपाटात आहे. फेकवलं नाही, तुझी सही आहे त्यावर.

लोभ आहे का? (रोज विचार म्हणालीस, म्हणून.)
तुझा बारक्या

ता. क. पाकीट डिंकाने एकदाच चिकटवतोय, पट्टी नाही, पिना नाही. वाटेत उघडलं आणि पत्र पडलं तर पडलं, मी दुसरं लिहीन.